‘नाही’ म्हणालात, पण विचारलं काय होतं?

निपाणी भागातल्या एका खेड्यातून आलेलं हे पत्र. लिहिणाऱ्या ताई ५४ वर्षांच्या आहेत. वीसेक वर्षं तंबाखूच्या वखारीत काम केलं, आता घर आणि थोडी शेती बघतात. तीन बाळंतपणं झाली. गेली सहा-सात वर्षं खोकला आला, जोरात हसू आलं किंवा वैरणीचा भारा उचलला की लघवी सुटते. अलीकडे शेतातून घरी येऊन दाराची कडी काढेपर्यंतही धीर धरवत नाही. संध्याकाळी पाचनंतर त्या पाणी पीत नाहीत. गटातल्या बायका सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला गेल्या, भाचीचं लग्न कोल्हापुरात झालं. दोन्ही वेळा गुडघ्याचं निमित्त सांगून त्या घरी राहिल्या. घरात कुणालाच हे माहीत नाही. गेल्या महिन्यात आशाताईंबरोबर कॉलेजच्या दोन मुली आल्या. मूत्राशयाच्या आरोग्यावर संशोधन चाललंय म्हणाल्या आणि गटाच्या बैठकीनंतर एकेकीला प्रश्न विचारले. ताईंनी ‘मला असलं काही नाही’ असं सांगून टाकलं. आता त्या मुली पुन्हा येणार आहेत, त्रास असलेल्या बायकांना व्यायाम शिकवायला. ताई विचारतात: आधी खोटं बोलले, आता कुठल्या तोंडानं जाऊ? संमतीचा कागद कानडीत आहे, सही केली तर आपल्यावर औषधाचे प्रयोग करतील का? शेजारीण म्हणते गर्भपिशवी काढून टाक, सगळं थांबतं. ते खरं का? आणि वय झालं की हे व्हायचंच, तर एवढा खटाटोप कशाला?

ताई,

तुमच्या चार पानी पत्रात ‘खोटं’ हा शब्द मी मोजला, सहा वेळा आलाय. ‘लघवी’ एकदाच, तोही खोडून पुन्हा लिहिलेला. तेव्हा आधी त्या खोट्याचाच निकाल लावू.

मुलींनी नेमकं काय विचारलं ते तुम्ही तिसऱ्या पानावर जाता जाता लिहिलंय. ‘तुम्हाला मूत्र असंयमाचा त्रास आहे का?’ हा शब्द वाचून मीच थबकले. वैद्यकीय मराठीत तो चालतो, चूक म्हणता येणार नाही. पण आपल्याकडे असंयमी कुणाला म्हणतात? ज्याचा जिभेवर ताबा नाही, रागावर ताबा नाही, त्याला. वखारीत धुळीत बसून सुट्टी होईपर्यंत लघवी दाबून धरण्यात जिची वीस वर्षं गेली, तिला कुणी विचारलं की बाई, तुमच्यात असंयम आहे का, तर ती ‘नाही’च म्हणणार. वर आशाताई तुमच्या भावकीतल्या, त्या शेजारी उभ्या. पलीकडे गटातल्या बायका चहाची भांडी आवरतायत. तिथं दुसरं कुठलं उत्तर येणार होतं?

माझं सांगते. मी जन्मभर नर्स म्हणून नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात. ४९ वर्षांची असताना एका पेशंटला ट्रॉलीवरून खाटेवर घेताना माझीच साडी ओली झाली. बरोबरच्या मुलींना मी सांगितलं, सलाईन सांडलं. त्यानंतर दोन वर्षं मी पेटीत जादा परकर ठेवत होते आणि ज्यांच्याबरोबर रोज डबा खायचे त्या डॉक्टरीणबाईंना एका शब्दानं बोलले नाही. सगळं माहीत असलेली, पगार घेऊन दुसऱ्यांना हेच विचारणारी बाई मी. तेव्हा तुम्ही तोंडाबद्दल मला विचारू नका.

चांगला प्रश्न कसा असतो तेही सांगते, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हाला अंदाज असेल. या विषयावर जगभर वापरली जाणारी एक छोटी प्रश्नावली आहे, आयसीआयक्यू नावाची. तिच्यात मुख्य प्रश्न चारच. गेल्या चार आठवड्यांत लघवी किती वेळा गळली? साधारण किती गळते, थोडी की बरीच? त्यानं रोजच्या जगण्यात किती अडचण येते, शून्य ते दहामध्ये सांगा. आणि केव्हा गळते: खोकताना, शिंकताना, काम करताना, झोपेत, की संडासापर्यंत पोचायच्या आत? बघा, यात आजाराचं नावच नाही. ‘खोकला आला की कपडे ओले होतात का?’ असं त्या मुलींनी विचारलं असतं तर तुम्ही निदान गप्प तरी राहिला असता. गप्प बसणंसुद्धा चांगल्या विचारणाऱ्याला कळतं.

तुमच्या ‘नाही’मुळे नुकसान झालं ते एवढंच, की त्यांच्या वहीत एक निरोगी बाई वाढली. अशा वह्यांवरून पुढे ठरतं की अमुक गावात हा त्रास फारसा नाही, तिथं काही करायची गरज नाही. हे मी तुम्हाला लाजवायला लिहीत नाही. उत्तर दुरुस्त करता येतं आणि संशोधन करणाऱ्यांना त्याची सवय असते, म्हणून लिहितेय. आशाताईंना मध्ये न घालता त्या मुलींपैकी एकीला बाजूला घ्या आणि म्हणा, ‘मागच्या वेळी माणसं होती, नीट सांगता आलं नाही. मला त्रास आहे, परत लिहून घ्या.’ इतकंच. माफी मागायची नाही, कारणं द्यायची नाहीत. उलट त्यांना हेही सांगा की तुमचा तो शब्द बदला, ‘लघवी सुटते का’ असं विचारा, आमच्या गटात आणखी चौघी तरी ‘हो’ म्हणतील. तो सल्ला त्यांना तुमच्या सहीपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

आता सहीचं बघू. तुमची भीती अडाणीपणाची नाही, रास्त आहे. कानडी वाचता येत नसताना कानडी कागदावर सही करायची वेळ सीमाभागातल्या बायकांवर किती दवाखान्यांत आणि किती बँकांत येते, ते आपण बघतोच. संशोधनाच्या बाबतीत मात्र नियम तुमच्या बाजूनं आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं २०१७ साली नीतिनियम प्रसिद्ध केलेत. माहितीचा कागद सहभागी होणाऱ्या माणसाला समजेल अशा भाषेत हवा, वाचता येत नसेल तर तो वाचून समजावताना तिऱ्हाईत साक्षीदार हवा, आणि मध्येच बाहेर पडलं म्हणून तुमच्या नेहमीच्या उपचारात काही कमी करता येत नाही, हे सगळं त्यात आहे. म्हणून आधी मराठीतला कागद मागा. तुम्हाला मराठी वाचता येतं, हे चार पानांवरून दिसतंच आहे. कागद घरी न्या, दोन दिवस ठेवा. त्यावर संस्थेच्या नैतिकता समितीचा संपर्क असायला हवा. तो बघा, आणि नसेल तर विचारा, का नाही.

आणि तोंडानं विचारायच्या गोष्टी: यात नुसता व्यायाम आहे की औषधही? माझं नाव कागदावर राहणार का, आणि ते कोण बघणार? चिठ्ठ्या टाकून दोन गट करणार का? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. पुष्कळ अभ्यासांत बायकांचे दोन गट चिठ्ठीनं पाडतात. एका गटाला व्यायाम लगेच शिकवतात, दुसऱ्याला तीन महिन्यांनी, म्हणजे फरक खरंच व्यायामानं पडला का ते कळतं. तुमची चिठ्ठी दुसऱ्या गटात निघाली तर ‘मी खोटं बोलले म्हणून मागं ठेवलं’ असं तुमच्या मनात येणार, मला माहीत आहे. तसं काही नसतं, चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी. पण संशोधन वेगळं आणि तुमचा उपचार वेगळा. त्यांच्या तीन महिन्यांसाठी तुमचा दवाखाना थांबायला नको.

‘प्रयोग’ या शब्दाची धास्ती जावी म्हणून आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट सांगते. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव टाळायला मिसोप्रोस्टॉल नावाच्या स्वस्त गोळ्यांचा उपयोग होतो का, याचा मोठा अभ्यास बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत झाला. १,६२० बाळंतिणींनी त्यात भाग घेतला आणि गोळ्या दिल्या त्या गावातल्या नर्सबाईंनी. अर्ध्या बायकांना औषधाची गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. जास्त रक्त जाण्याचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. २००६ साली ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात ते छापून आलं. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या कामासाठी ही गोळी आवश्यक औषधांच्या यादीत घेतली, त्यामागे जगभरचे जे अभ्यास होते त्यांत आपल्या जिल्ह्यातल्या बायकांचा हा एक. त्यांच्यासारख्याच घरच्या बायका तुम्ही. तुमच्याकडे आलेल्या मुली तर बहुधा गोळीसुद्धा आणणार नाहीत, नुसता व्यायाम आणतायत.

‘वय झालं की व्हायचंच’ या वाक्यावर आता थोडं भांडते. नॉर्वेमध्ये जवळजवळ २८ हजार बायकांना या त्रासाविषयी विचारलं गेलं. २००० साली आलेल्या त्या अभ्यासात चौघींत एक ‘हो’ म्हणाली. लखनौला रुग्णालयात आलेल्या ३,००० बायकांना विचारलं तेव्हा २२ टक्क्यांच्या आसपास ‘हो’ आलं, ते २०१३ साली प्रसिद्ध झालं. म्हणजे त्रास सर्रास आहे, खरंच. पण त्याच नॉर्वेतल्या सव्वापंधरा हजारांच्या आतबाहेर बायकांचं पुढं आणखी एक विश्लेषण झालं. नेहमीच्या मार्गानं बाळंत झालेल्यांपैकी २१ टक्के, सिझेरियन झालेल्यांपैकी १६ टक्के, आणि एकही बाळंतपण न झालेल्यांपैकी १० टक्के बायकांना हा त्रास होता. बाळंतपण हे कारण आहे, पण एकटं नाही. वय हेही एक कारण, पण ५४ वर्षांच्या बहुतेक बायकांची लघवी गळत नाही. दात वयानं हलतात म्हणून आपण जेवण सोडत नाही ना? मग सौंदत्ती का सोडली?

तुमच्या बाबतीत मला वयापेक्षा खोकल्याची काळजी जास्त वाटते. वीस वर्षं तंबाखूच्या धुळीत बसलेली बाई ‘खोकला आला की’ असं सहज लिहून जाते, जसा खोकला हा घरातलाच माणूस. ओटीपोटाच्या तळाला, मांड्यांच्या मधोमध, स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, पिशवी आणि आतडं तिच्यावर तोललेलं असतं. खोकताना वरून दाब येतो, त्या क्षणी झोळी आवळली गेली पाहिजे. बाळंतपणानं ती सैल पडली असेल आणि वर वर्षानुवर्षं रोज पन्नास वेळा खोकल्याचे दणके बसत असतील, तर ती किती टिकणार? खोकला दोन आठवड्यांच्या वर असेल तर आधी थुंकीची तपासणी करून घ्या. क्षयाची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. दमा निघाला तर त्याचा उपचार करा. खोकला निम्मा झाला तर गळणंही कमी होईल. बद्धकोष्ठ असेल तर तेही बघा, रोज कुंथणं म्हणजे तोच दाब. मिश्री लावत असाल तर ती सोडायला शंभर कारणं आहेत, त्यात लघवीचं कारण मी उगाच घुसडत नाही.

तुमच्या पत्रात दोन वेगळे त्रास एकाच गाठीत बांधलेत. खोकताना, भारा उचलताना सुटते ती झोळीच्या कमजोरीनं. कडी काढेपर्यंत धीर धरवत नाही, ती मूत्राशयाची घाई. ते पुरतं भरायच्या आधीच आवळायला लागतं. पुष्कळ बायकांना दोन्ही असतं. हे वेगळं ओळखणं महत्त्वाचं, कारण घाईवरच्या गोळ्या खोकल्याच्या गळतीला उपयोगाच्या नाहीत. त्यासाठी दवाखान्यात जायच्या आधी तीन दिवसांची टिपणं करा. कालनिर्णयच्या जुन्या पानामागं लिहिलंत तरी चालेल: किती वाजता काय प्यायलं, किती वाजता लघवी झाली, केव्हा सुटली आणि त्या वेळी काय करत होता. एखाद्या दिवशी जुन्या प्लास्टिकच्या मापात लघवी मोजून बघा. मूत्राशय साधारण ४०० ते ५०० मिलीलिटर धरू शकतं. दर वेळी शंभर-सव्वाशेच निघत असेल तर घाई कुठून येते ते डॉक्टरांना लगेच समजतं. मी अनेक बायकांना हे करायला लावलं, आणि नुसतं लिहून ठेवल्यानंच निम्मी भीती गेल्याचं त्यांनी सांगितलं.

पाणी तोडणं मात्र आजच बंद करा. लघवी दाट झाली की मूत्राशय आणखी चिडतं, बद्धकोष्ठ वाढतं, लघवीला जळजळ होण्याची पाळी येते. दिवसभरात सहा ते आठ पेले पाणी घ्या, उन्हात काम असेल तर जास्त. झोपायच्या आधी दोन तास थांबवलंत तर चालेल. चहा कमी करा. गटाच्या बैठकीत तीन कप, घरी दोन कप, हे मला न सांगताही कळतं.

आता तो व्यायाम, ज्यासाठी त्या मुली येणार आहेत. १९४८ साली अर्नोल्ड केगल नावाच्या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञानं तो वैद्यकात रूढ केला. योगवर्गात मूलबंध म्हणून जे सांगतात ते याच्या बरंच जवळचं. चारचौघांत वारा सुटू नये म्हणून आपण जिथं आवळून धरतो, तीच जागा. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा. ती जागा आवळून आत, वर ओढा, तीन आकडे मोजा, सोडा, तितकंच थांबा. हळूहळू आठ-दहा आकड्यांपर्यंत जा. एका वेळी आठ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. श्वास धरायचा नाही, पोट आणि कुल्ले ताठवायचे नाहीत. खाली जोर दिल्यासारखं वाटलं तर उलटं चाललंय, थांबा. लघवी करता करता मध्येच अडवून हा व्यायाम करायची सवय लावू नका. जागा ओळखायला एखादवेळी ठीक, रोज नको. आणि शक्यतो कुणाकडून शिकून घ्या. मला स्वतःला दोन महिने वाटत होतं मी बरोबर करतेय, फिजिओथेरपिस्ट मुलीनं तपासल्यावर कळलं की मी नुसतं पोट आत घेत होते.

यानं खरंच होतं का? २०१८ मध्ये कोक्रेन या संस्थेनं जगभरचे अभ्यास एकत्र करून पाहिले. खोकताना-शिंकताना गळणाऱ्या बायकांपैकी व्यायाम केलेल्या १०० जणींत ५६ जणी ‘बरं झालं’ म्हणाल्या, काहीच न केलेल्यांत ६. औषध नाही, टाका नाही. तरी आपल्याकडे हा व्यायाम बाळंतिणीला तेलमालिशीइतक्या आवर्जून कुणी शिकवत नाही, माझ्या वॉर्डात मीसुद्धा कित्येक वर्षं शिकवला नाही.

एक युक्ती तर तुम्ही आजपासून करू शकता. खोकला येतोय असं वाटलं की आधी आवळा, मग खोका. भारा उचलायच्या आधी आवळा, मग उचला. मिशिगनमधल्या संशोधकांनी १९९८ साली म्हाताऱ्या बायकांना एवढंच शिकवलं, तर एका आठवड्यात खोकतानाची गळती ठळकपणे कमी झाली.

दारातल्या घाईसाठी वेगळं. घाई आली की धावू नका. धावलं की सुटतेच. जिथं आहात तिथं थांबा, शक्य असेल तर टेका, पाच-सहा वेळा पटापट आवळा. घाई लाटेसारखी येते आणि ओसरते. ओसरली की चालत जा. ‘असू दे, आत्ताच जाऊन येते’ म्हणून दर तासाला जायची सवय असेल तर पंधरा-पंधरा मिनिटांनी अंतर वाढवत न्या. १९९८ मध्येच ५५ वर्षांवरच्या १९७ बायकांवर अमेरिकेत अभ्यास झाला. असं वळण लावून घेतलेल्यांची गळती सरासरी ८१ टक्क्यांनी घटली, घाईवरची ऑक्सिब्युटिनिन नावाची गोळी घेतलेल्यांची ६९ टक्क्यांनी, बिनऔषधाची गोळी घेतलेल्यांची ३९ टक्क्यांनी. मला त्यातला शेवटचा आकडा सगळ्यांत बोलका वाटतो. कुणीतरी नीट विचारलं, आपण लिहून ठेवलं, त्याचंही काही असावं.

शेजारणीचा सल्ला ऐकू नका. गर्भपिशवी आणि मूत्राशय शेजारी शेजारी राहतात, पण पिशवी काढणं हा लघवी गळण्यावरचा उपचार नाही. स्वीडनमध्ये पिशवी काढलेल्या १ लाख ६५ हजारांवर बायकांच्या नोंदी तपासल्या, तर त्यांना पुढं याच गळतीसाठी शस्त्रक्रिया करून घ्यायची वेळ इतर बायकांपेक्षा दुपटीहून जास्त आली. लॅन्सेटमध्येच, २००७ साली. पिशवी काढायला दुसरं कारण असेल तर ते डॉक्टर सांगतील. ‘थोडं गळतंय, काढून टाका’ असं कुणी म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय टेबलावर चढू नका. अंग बाहेर आल्यासारखं वाटत असेल, जे तुम्ही सासूबाईंचं लिहिलंय, तर तेही दाखवा. त्याला आत बसवायची रिंग मिळते. गळतीवर पट्टी बसवण्याची शस्त्रक्रिया असते, ती अनेकींना लाभते. पण ही पट्टी ज्या कृत्रिम जाळीची असते तिच्या तक्रारींवरून इंग्लंडनं २०१८ मध्ये ती थांबवली होती, म्हणून ती व्यायाम नीट करून झाल्यावरची पायरी. पाळी गेल्यावर डॉक्टर योनीमार्गात लावायचं हार्मोनचं मलम देतात, ते उपयोगी पडतं. पोटात घ्यायच्या हार्मोनच्या गोळ्या त्यासाठी नाहीत, त्यांनी गळती वाढल्याचं दिसलंय.

वजनाचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण हे वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते. २००९ मध्ये जाड अंगाच्या ३३८ बायकांचा अभ्यास आला. सहा महिन्यांत ज्यांचं वजन सरासरी ८ टक्के उतरलं, त्यांची गळती जवळजवळ निम्मी झाली. सत्तर किलोच्या बाईला म्हणजे साडेपाच किलो.

दवाखान्यात एवढं मागा: लघवीची तपासणी आणि रक्तातली साखर. डॉक्टरांना फक्त कानडी येत असेल आणि सूनबाई दुभाषी म्हणून नको असेल, तर हे एक वाक्य पाठ करून जा: ‘केम्मिदर उच्ची होगतैत्री.’ खोकलं की लघवी जाते जी. बेळगावकडचा कुठलाही डॉक्टर त्यावर मान वर करून बघेल. लघवीत रक्त दिसलं, ताप-थंडी आली, त्रास एकदम सुरू झाला, पाय बधीर झाले किंवा लघवी अडकली, तर मात्र टिपणं-बिपणं ठेवा बाजूला आणि त्याच दिवशी जा.

घरातल्या पुरुषांनीही हे वाचलं तर बरं. साठीनंतर रात्री चार वेळा उठणं, धार बारीक होणं, हे मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीचं असू शकतं आणि त्यावरही उपचार आहेत. धोतर बदलून गप्प बसणारे आजोबा मी पुष्कळ पाहिलेत.

आणि सूनबाई. तिला पाचवा महिना लागलाय असं तुम्ही ताजा कलममध्ये लिहिलंत, तुमच्या दृष्टीनं तो वेगळा विषय. मला तो तसा वाटत नाही. ज्यांना अजून त्रास नाही अशा गरोदर बायकांनी हा व्यायाम केला तर शेवटच्या महिन्यांत आणि बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत गळण्याची शक्यता कमी होते, हे अभ्यासांतून दिसलंय. तुम्ही तिला सांगितलं नाही तर तिला कोण सांगणार? वॉर्डातली नर्स? ती काय करते ते मी वर लिहिलंच आहे. रात्री दोघींनी आठ-आठ वेळा करायचं. तिला कळेल याची तुम्हाला भीती वाटते. पण ताई, एका घरात राहणाऱ्या बाईला दुसरीचा दोरीवर वाळणारा जादा परकर दिसत नाही, असं तुम्हाला खरंच वाटतं का?

कापड वापरत असाल तर जुनं सुती घ्या, ओलं झालं की बदला, उन्हात वाळवा. पाळीचे पॅड लघवी नीट शोषत नाहीत, त्यावर पैसे घालवू नका.

सौंदत्तीला पुढची पौर्णिमा धरा. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे २०२३ पासून आपल्याला, म्हणजे राज्यातल्या बायकांना, साध्या सरकारी बसला भाडं नाही, त्यामुळे हवं तिथं उतरून मागच्या बसनं पुढं जाता येतं. निघायच्या आधी जाऊन या, पाण्याची बाटली बरोबर घ्या, पिशवीत एक परकर असू द्या. आणि बसमध्ये मागच्या चाकावरची सीट घेऊ नका, गचके तिथंच जास्त बसतात.